मदत हवी आहे : ईडीआयच्या कोटेशनमधले छुपे खर्च कसे ओळखावेत?

नमस्कार.

चाकण परिसरात आमचा ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांचे मशीनिंग करणारा लहान कारखाना आहे. जर्मनीतील एका वाहनभाग उत्पादकाला आम्ही माल निर्यात करतो. त्यांच्या मागण्या आजवर ईमेलने, पीडीएफ स्वरूपात येत असत. पुढील करारापासून मात्र सर्व देवाणघेवाण ईडीआयनेच, म्हणजे ठरावीक स्वरूपातील संदेश थेट संगणकातून संगणकात पाठवूनच होईल, असे त्यांनी कळवले आहे. त्यासाठी दोन सेवा पुरवठादारांकडून कोटेशन मागवली. दोन्हींची एकूण रक्कम जवळपास सारखीच आहे, पण तिच्यात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, याचा मेळ लागत नाही.

आम्हाला समजलेले आधी लिहितो. ग्राहकाच्या नव्या प्रकल्पाकडून एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय संदेश-मानकाचा डेलफॉर, म्हणजे पुढील काही आठवड्यांच्या मागणीचे वेळापत्रक येईल. त्यात एससीसी+1 हा संकेत असेल तर मागणी पक्की आणि एससीसी+4 असेल तर तो केवळ नियोजनासाठीचा अंदाज, हे आमच्या उत्पादन विभागालाही आता ठाऊक झाले आहे. माल निघाला की आम्ही डेसॲडव्ह, म्हणजे प्रेषणाची आगाऊ सूचना पाठवायची. जुना प्रकल्प मात्र अजूनही जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या व्हीडीए 4905 (मागणीचे वेळापत्रक) आणि 4913 (प्रेषणाची सूचना) याच स्वरूपांवर चालतो. ग्राहक एकच असला तरी मॅपिंग, म्हणजे संदेशातील रकाने आमच्या प्रणालीतील रकान्यांशी जुळवण्याचे काम, दोनदा करावे लागणार, आणि एका कोटेशनमध्ये ‘प्रति भागीदार’ असा दर आहे, तर दुसऱ्यात ‘प्रति संदेश प्रकार’. आमच्यासारख्या प्रकरणात ‘भागीदार’ एक धरतात की दोन?

माझी खरी अडचण मासिक आकारणीची आहे. पहिला पुरवठादार व्हॅनमार्फत, म्हणजे संदेश पोहोचवणाऱ्या मध्यस्थ जाळ्यामार्फत सेवा देतो आणि दर किलो-कॅरॅक्टरला, म्हणजे दर हजार अक्षरांना लावतो. व्हीडीए 4913 मधील प्रत्येक ओळ ठरावीक 128 अक्षरांची असते आणि उरलेली जागा कोऱ्या अक्षरांनी भरलेली असते. एका खेपेच्या सूचनेत अशा 40 ओळी असल्या, तर मजकूर कितीही थोडा असो, 5,120 अक्षरे होतात. या कोऱ्या जागांचेही पैसे द्यावे लागतात का? शिवाय येणाऱ्या संदेशांनाही तोच दर आहे. ग्राहकाने वेळापत्रक आठवड्याऐवजी रोज पाठवायचे ठरवले, तर आमचे बिल वाढणार आणि ते आमच्या हातात अजिबात नसणार. पोचपावती म्हणून जाणारे कंट्रोल संदेश, त्याचप्रमाणे ग्राहकाचे व्हॅन वेगळे असल्यास लागणारे आंतरजोडणी शुल्क, यांचा कोटेशनमध्ये उल्लेखच नाही.

दुसरा पुरवठादार ओएफटीपी2 या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने ग्राहकाशी थेट जोडणी देतो, त्यामुळे अक्षरांचा हिशेब उरत नाही. मात्र त्या जोडणीच्या डिजिटल प्रमाणपत्राचे नूतनीकरण, ग्राहकाबरोबरच्या चाचणीच्या फेऱ्या आणि संदेशाची आवृत्ती बदलल्यास करावे लागणारे फेरमॅपिंग हे सर्व ‘प्रत्यक्ष वेळेनुसार’ आकारले जाईल, असे तळटिपेत लिहिले आहे. माझ्या मते या तळटिपेचे वजन मूळ रकमेहून अधिक आहे.

आमचा संगणक सल्लागार म्हणतो की जीएसटीचे ई-इन्व्हॉइस आपण काढतोच, त्यामुळे हेही सोपे जाईल. मला ते पटत नाही. ई-इन्व्हॉइससाठी देशभर एकच ठरलेला आराखडा आहे. इथे प्रत्येक ग्राहकाची मार्गदर्शक पुस्तिका निराळी आणि तिच्यातील सक्तीचे रकानेही निराळे. त्यातच, सूचनेतील संख्या आणि पेटीवरील लेबल जुळले नाही तर डेबिट नोट येईल, अशी अट ग्राहकाच्या मसुद्यात आहे. चूक मॅपिंगची असेल, तर तो भुर्दंड पुरवठादाराने सोसावा अशी तरतूद कोणी करारात घालून घेतली आहे का?

ग्राहकाच्या वेब पोर्टलवर हाताने माहिती भरण्याचा मार्गही खुला आहे, पण तीच माहिती पुन्हा टॅलीत भरावी लागेल आणि दोनदा टंकन म्हणजे चुकांना निमंत्रण.

ज्यांनी वाहन उद्योगातील ग्राहकांसाठी हे काम करून घेतले आहे, त्यांना दोन गोष्टी विशेषत्वाने विचारायच्या आहेत. मासिक आकारणीला कमाल मर्यादा घालून घेता येते का, आणि पुरवठादार बदलायची वेळ आली, तर पैसे मोजून तयार केलेली मॅपिंगची फाइल आमच्या मालकीची राहते की त्यांच्या? दोन्ही कोटेशनची मुदत महिनाअखेरीस संपत आहे, त्यामुळे त्यापूर्वी उत्तर मिळाल्यास वाटाघाटीत उपयोग होईल.