अर्जुन रणगाड्याची वाट नक्की कोणी लावली?

नगरी_गडी
दुसऱ्या धाग्यावर कोणीतरी "डीआरडीओला ५० वर्षांत एक धड रणगाडा जमला नाही" असं ठोकून दिलं, म्हणून या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या अर्जुनवर हा वेगळा धागा. माझं मत सरळ आहे, रणगाडा जमला, ऑर्डर जमली नाही. १९७४ ला मंजुरी आणि रेजिमेंटच्या हातात गाडी २००४ ला, उशीर झालाच, तो कोण नाकारतंय. पण मार्च २०१० ला राजस्थानात रशियन टी-९० रणगाड्याच्या शेजारी उभा करून चाचण्या घेतल्या, त्यात अर्जुन सरस ठरल्याच्या बातम्या सगळ्या पेपरात होत्या. त्यानंतर ऑर्डर किती? आधीचे १२४ आणि पुढे २०२१ ला मार्क १ए या सुधारित अर्जुनचे ११८. टी-९० मात्र हजाराच्या वर. एवढ्याशा नगांसाठी कोण सुटे भाग बनवत बसणार सांगा.

सडेतोड
अहो वजन विसरलात की सोयीने. ४० टनाचा करायचा म्हणून सुरुवात, झाला ५८ चा, आणि मार्क १ए ६८ च्या घरात! पंजाबात दर थोड्या अंतरावर कालवा, त्यावरचे पूल, लष्कराचे ट्रेलर, सगळं टी-७२ या हलक्या रशियन रणगाड्याच्या हिशोबाने बसलेलं. आणि स्वदेशी म्हणता तर इंजिन जर्मनीच्या एमटीयूचं, गिअरबॉक्स रेंकचा.

नगरी_गडी
पट्टे रुंद आहेत राव, जमिनीवर दाब टी-९० पेक्षा जास्त पडत नाही, वाळूत मजेत पळतो.

सडेतोड
वाळूत पळेल हो, पुलाला पट्ट्याची रुंदी काय करायचीय, त्याला अख्खी गाडी पेलायची असते.

पाषाणकर
तोफेबद्दल कोणीच बोलेना. आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीईची, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रं बनवणाऱ्या प्रयोगशाळेची, १२० मिमी तोफ, नळीत आटे असलेली. तेव्हा लष्कराला हेश, म्हणजे आदळल्यावर चपटा होऊन फुटणारा गोळा हवा होता, बंकर फोडायला भारी, आणि तो गोल फिरत गेला तरच नीट बसतो. पण चिलखत भेदणारा बाणासारखा लांब गोळा फिरवून चालत नाही, त्यामुळे तिथे हात बांधले गेले. ब्रिटिशसुद्धा आपल्या चॅलेंजर ३ रणगाड्याला गुळगुळीत नळीवर आलेत. हा दोष एकट्या डीआरडीओचा कसा, मागणीच तशी होती ना.

वाळवंटी
टी-९० चं कौतुक करणाऱ्यांनी आत बसून बघा एकदा. गोळे आणि बारूद माणसांच्या पायाखाली गोल रचलेलं, एक ठिणगी पोचली की बुरूज हवेत, युक्रेनचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. सुरुवातीला तर थर्मल कॅमेरे थारच्या उन्हात बंद पडायचे, त्यावर कोणी ५० वर्षांचं तुणतुणं वाजवलं नाही. अर्जुनात गोळे भरायला चौथा माणूस आहे, पण दारूगोळा वेगळ्या कप्प्यात आहे.

सडेतोड
युक्रेनमध्ये जर्मन लेपर्ड आणि अमेरिकन एब्राम्स रणगाडे पण जळालेत, ड्रोनने वरून, तिथे कप्पा बघून कोणी सोडलं नाही. आणि २०२० ला लडाखमध्ये कोण चढलं? टी-७२ आणि टी-९०. तिथली गरज बघूनच २५ टनी झोरावर हा हलका रणगाडा करायला घेतला.

नगरी_गडी
मग मार्क १ए ची ११८ ची ऑर्डर तरी कशाला दिली? आता त्याच जर्मन इंजिनाच्या उत्पादनाच्या लाइनवरून अडलंय, कारण इतक्या कमी नगांसाठी बंद लाइन परत चालू करायला वेळ लागतो. २००४ लाच ५०० घेतले असते तर इंजिनही एव्हाना इथेच बनलं असतं.

सडेतोड
५०० घेतले असते तर ते पोचवायला पूल कोणी बांधले असते, ते सांगा आधी.