जेनीची शक्ती वरदान कशी?

लिसा मॅकमॅनच्या 'वेक' (२००८) या कादंबरीतल्या जेनीला दुसऱ्यांच्या स्वप्नांत शिरता येतं, म्हणून तिचा हेवा वाटतो, असं कुणीतरी लिहिलंय. मला तर तिची फार कणव आली. ती शिरत नाही हो, खेचली जाते! वर्गात कुणाचा डोळा लागला की हिला समोरचं दिसेनासं होतं, हातपाय बधिर होतात. मध्ये बंद दार असेल तरच सुटका. रात्री गाडी चालवताना रस्त्यालगतच्या घरातलं दुःस्वप्न तिला गाठतं, तो प्रसंग वाचताना माझे तळहात घामेजले होते. वर स्वप्नातली माणसं तिच्याकडेच मदत मागतात, आणि ती कशी करायची हे त्या सतरा वर्षांच्या पोरीला सांगणारं घरात कुणी नाही. या शक्तीची किंमत किती जबर आहे, ते पुढच्या 'फेड'मध्ये कळतं. तो भाग वाचाच.