मदत हवी आहे: सपाट माथ्यावर ओढ्याची पाणलोट सीमा कशी आखावी?

नमस्कार. आमच्या गावचा ओढा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर उगम पावतो आणि त्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखण्याचे काम आम्ही काही शेतकऱ्यांनी हाती घेतले आहे. या डोंगररांगेवरून सिंदफणा नदीत उतरणारे पाणी मराठवाड्यातच गोदावरीला मिळते, तर मांजरा नदीत उतरणारे पाणी लातूर, बिदर असा लांबचा वळसा घेऊन अखेर गोदावरीलाच जाते. म्हणून माथ्यावरची दुभाजक रेषा, म्हणजे जेथून पाणी दोन बाजूंना वाटले जाते ती रेषा, नेमकी कोठून जाते, हे आम्हाला खात्रीने ठरवायचे आहे.

उतारावर अडचण नाही. माथा मात्र इतका सपाट आहे की १:५०,००० प्रमाणाच्या नकाशातील दर २० मीटर उंचीला काढलेल्या समोच्च रेषांत (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांत) तेथील चढउतार उमटतच नाहीत, शिवाय शेतांचे बांध आणि रस्त्याचे भराव यांनी पाण्याची मूळ दिशाही बदलली आहे. अशा ठिकाणी डंपी लेव्हलने (उंचीतील फरक मोजण्याच्या दुर्बिणीच्या उपकरणाने) उंची मोजावी, की मोठ्या पावसात प्रत्यक्ष प्रवाह पाहून खुणा कराव्यात? बेसाल्टच्या भेगांतून मुरलेले पाणी पृष्ठभागावरची दुभाजक रेषा पाळतेच असे नाही, तेव्हा दोन्ही बाजूंच्या विहिरींच्या पातळ्या कोणत्या महिन्यांत नोंदवाव्यात, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.