एलईडी मास्क : डाग लवकर पडणाऱ्या त्वचेसाठी कोणता प्रकाश योग्य?

प्रश्न
माझी त्वचा सावळी आणि तेलकट आहे. मुरूम बरा झाला तरी त्या जागी उरलेला काळसर डाग कित्येक महिने जात नाही. लाल, निळा आणि अवरक्त असे तीन प्रकाश देणारा एलईडी मास्क घेण्याचा विचार आहे, परंतु माहितीपत्रकात ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ याखेरीज काहीच लिहिलेले नाही. मी कोणता प्रकाश वापरावा? माझ्या बहिणीची त्वचा कोरडी असून लगेच लाल होते. तिला हाच मास्क चालेल का?

प्रतिसाद १
तुमच्या बाबतीत त्वचा तेलकट आहे यापेक्षा तिच्यावर डाग टिकतात, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मुरमांतील जिवाणूंमध्ये असलेल्या पॉर्फिरिन या द्रव्यावर काम करून त्यांना मारतो, म्हणून तो मुरमांसाठी वापरतात. पण हाच प्रकाश सावळ्या त्वचेतील रंगपेशींना मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य अधिक तयार करायला लावू शकतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने त्वचा काळवंडली आणि तो परिणाम दीर्घकाळ टिकला, तर ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने तसे झाले नाही. घरगुती मास्कची मात्रा सहसा कमी असते हे खरे, तरीही डाग पडण्याची प्रवृत्ती असताना मी निळा प्रकाश टाळण्याचाच सल्ला देईन. लाल प्रकाशापासून सुरुवात करावी आणि तीही सांगितलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ ठेवून. वांग असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मास्क लावूच नये, कारण दृश्य प्रकाश आणि उष्णता या दोन्हींनी वांग वाढू शकतो.

प्रतिसाद २
बहिणीला लाल प्रकाश चालण्यासारखा आहे. मात्र रेटिनॉल किंवा आम्लयुक्त सीरम लावलेल्या चेहऱ्यावर मास्क ठेवू नये. चेहरा धुऊन, कोरडा करून मास्क वापरावा आणि मॉइश्चरायझर नंतर लावावे. घेण्यापूर्वी त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता दिली आहे का, हेही पाहावे. प्रति चौरस सेंटिमीटर ३० मिलिवॉट तीव्रतेने १० मिनिटांत १८ ज्यूल मात्रा मिळते. हा आकडाच दिलेला नसेल, तर ‘दहा मिनिटे’ या सूचनेवरून किती प्रकाश मिळाला हे कळत नाही.

प्रतिसाद ३
डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नका. २०१९ मध्ये न्यूट्रोजेना या त्वचानिगा कंपनीने आपला लाल-निळ्या प्रकाशाचा मास्क डोळ्यांच्या सुरक्षिततेच्या कारणावरून बाजारातून परत घेतला होता. डोळ्यांचे काही आजार असलेल्या आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींबाबत ती काळजी होती. मुरमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन अशाच औषधांपैकी आहे, त्यामुळे तुम्ही सध्या कोणत्या गोळ्या घेत आहात ते आधी तपासा.

प्रश्नकर्ती
मी डॉक्सिसायक्लिनच घेत आहे. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मास्क मागवणार नाही.