जर्मन नागरिकत्व घ्यावं, की नीडरलासुंगवरच राहावं?

कोपऱ्यातली खिडकी

२०१३ पासून आम्ही म्युनिकमध्ये आहोत. दोघांकडेही नीडरलासुंग, म्हणजे जर्मनीत कायम राहण्याचा परवाना, आहे. मुलगा सोळाचा. नवऱ्याने नागरिकत्वाचा अर्ज भरून टेबलावर ठेवलाय, माझी सही तेवढी राहिलीय. तो म्हणतो, २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, मग घोडं अडलंय कुठे?

अडलंय ते आईपाशी. ती बहात्तरची आहे, तिकडे एकटीच असते. फोनवर विषय काढला तर काही चिडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे आता तू माझ्याकडे व्हिसा काढून येणार?" तेव्हापासून तो कागद तसाच पडलाय. ज्यांनी घेतलं आणि ज्यांनी मुद्दाम घेतलं नाही, दोघांनीही सांगा.

उंटावरून

आधी नवऱ्याचा गैरसमज दूर करा. जर्मनीला चालतं, भारताला चालत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. पूर्वी जर्मनीच 'आधीचं सोडून या' म्हणायची. २७ जून २०२४ पासून ती विचारत नाही, इतकंच. घरात दोन पासपोर्ट ठेवून सोयीने वापरणारे महाभाग मी पाहिलेत. तो गुन्हा आहे.

नेकारकाठ

अगं, दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याच जागी होते, फक्त आईऐवजी सासरे. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा नवरा त्यांच्याजवळ जाऊन राहिला. नीडरलासुंग असली तरी सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलं की ती रद्द होते, हे आम्हाला तो तिकडे पोचल्यावर कळलं. (ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना, असणाऱ्यांना बारा महिने मिळतात. जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी परवानगी मागता येते. आम्हाला कुठलं सुचायला!) कॅलेंडरवर फुल्या मारत शेवटच्या आठवड्यात तो परत आला. सासरे तेव्हा नुकते काठी घेऊन उभे राहू लागले होते.

तोवर माझ्या डोक्यात असं होतं की पासपोर्ट घ्यायचा म्हणजे कायमचं इथेच राहायचं ठरवायचं. खरं तर उलटं आहे. आता आमच्याकडे जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) आहे. तिकडे दोन वर्षं राहा नाहीतर पाच, पोलिसांत नोंदणी नाही की व्हिसाची मुदत नाही. आणि परत यायचं म्हटलं तर इथलं दार कोणी लावून घेत नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर तुला हेच देता येईल: व्हिसा एकदाच, जन्मभराचा.

मधला काळ मात्र सांभाळ. माझं चुकलं ते तिथेच. उर्कुंडे, म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, हातात पडली त्या दिवशी भारतीय पासपोर्ट प्रवासाला निकामी झाला. मग जर्मन पासपोर्टसाठी वेगळा अर्ज. तो आल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला, म्हणजे सरेंडर सर्टिफिकेट, आणि मग ओसीआय. माझं ओसीआय यायचं होतं तेव्हाच सासरे पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी ई-व्हिसा काढून गेले. विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभी होते. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म बघून सरळ मराठीत विचारलं, "कधीपासून?" मला पटकन उत्तरच देता येईना.

बाकी नागरिकत्वाच्या परीक्षेचं टेन्शन घेऊ नकोस. ३३ प्रश्न, १७ बरोबर यावे लागतात, वेळ तासभर. मी वीस मिनिटांत बाहेर. जर्मन भाषेची बी-१ पातळी तुझी असेलच. उर्कुंडे देण्याआधी राज्यघटनेशी बांधिलकीची शपथ मोठ्याने म्हणायला लावतात, तेव्हा माझा आवाज फाटला. कशाने ते अजून माहीत नाही.

आणि हो, अर्जाला जन्मदाखला लागतो. आत्ताच काढून बघ. आपल्या पिढीच्या दाखल्यांवर पुष्कळदा नावच नसतं.

बिनदुधाचा

मी घेतलं नाही. इथे २००६ पासून आहे. नेकारकाठ यांचं एक सांगायचं राहिलं: कायदेशीर वास्तव्याची १५ वर्षं झाली आणि स्वतःच्या पोटापाण्याची सोय असेल, तर नीडरलासुंगला तो सहा महिन्यांचा नियम लागत नाही. तसा दाखला परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून लेखी मागून घेता येतो. माझ्याकडे आहे.

माझं कारण शेतीचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. आमच्या जमिनीला लागून काकांची आहे, ती कधीतरी विकायला निघेल. मी टपून बसलोय.

त्याची किंमतही मोजतो. इथे वीस वर्षं कर भरला, पण महापौराला सुद्धा मत देता येत नाही. शेजारचा इटालियन तीन वर्षांपूर्वी आला, तो महापालिकेला मत देतो, कारण तो युरोपीय संघाचा. तिकडे माझं नाव यादीत आहे, पण मतदानाला स्वतः हजर राहावं लागतं. वीस वर्षांत एकदाच जमलं.

उंटावरून

मुलगा सोळाचा म्हणालात. २००८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या जर्मन मुलग्यांना अठराव्या वर्षी लष्कराची प्रश्नावली भरून देणं आता बंधनकारक झालंय. सक्तीची भरती नाही, पण पुढे काय होईल ते कोण सांगणार. अर्जात त्याचं नाव घालण्याआधी त्याला विचारा. आणि परतीची वाट अगदीच बंद नसते: ओसीआय होऊन पाच वर्षं झाली आणि भारतात वर्षभर राहिलात, तर भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा जर्मन सोडावं लागेल.

कोपऱ्यातली खिडकी

सगळ्यांचे आभार. मुलाला विचारलं. तो म्हणाला, प्रश्नावली भरेन, पण मला मत द्यायचंय. हे त्याच्या मनात आहे हे मला माहीतच नव्हतं. १५ वर्षं व्हायला आम्हाला २०२८ उजाडेल, म्हणजे थांबलं तरी चालेल असं नवऱ्याला म्हटलं. त्याने आईचं वय सांगितलं. गप्प बसले.

नेकारकाठ, जन्मदाखला आईकडे होता. तिने फोनवर वाचून दाखवला. नावाच्या जागी फक्त 'मुलगी' लिहिलंय. मी म्हटलं, राहू दे, तुझे गुडघे दुखतात, सही करायची की नाही तेही अजून ठरलेलं नाही. ती म्हणाली, "ते तू ठरव. नाव मी घालून आणते." ती सोमवारी नगरपालिकेत जातेय.