बर्गर-पिझ्झाच्या दुकानातल्या पोरांचा किमान पगार वाढवायला हवा की नको? (इंदूरकरांनी बोला)

रामबागवाली:
मंडळी, विजयनगर म्हणा, पलासिया म्हणा, भंवरकुआं म्हणा, जिकडे बघावं तिकडे चेनवाली बर्गर-पिझ्झाची दुकानं झालीत आणि आत काम करणारी पोरं-पोरी बहुतेक धार, झाबुआ, खरगोनकडून इथे शिकायला आलेली. माझं स्पष्ट मत आहे की या मोठ्या चेनमधल्या कामगारांचा किमान पगार वेगळा आणि जास्त ठरवावा. कॅलिफोर्नियात हे झालंय. 1 एप्रिल 2024 पासून तिथे ज्या चेनची देशभरात 60 किंवा जास्त दुकानं आहेत तिला तासाला किमान 20 डॉलर द्यावे लागतात, बाकी धंद्यांना तेव्हा 16 होते. म्हणजे गल्लीतल्या सँडविचवाल्यावर बोजा टाकला नाही, ज्याला झेपतं त्यालाच सांगितलं.

आपल्या मध्यप्रदेशात एप्रिल 2024 पासून अकुशल कामगाराचा दर महिना 11,800 ठरला, पुढे महागाई भत्त्याचे थोडेफार पैसे जुळले. 26 दिवस आणि 8 तास धरून भागा, तासाला 57 रुपयेही पडत नाहीत. जो कॉम्बो तो दिवसभर ट्रेमध्ये ठेवून देतो तोच स्वतःला घ्यायचा तर तीन-चार तास उभं राहायला हवं. हे मला पटत नाही, कुणाला पटत असेल तर सांगा.

छप्पन_जवळचा:
ताई, मला पटतं म्हणून सांगतो. माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, सँडविच, मोमोज, चहा. दुकानाचं भाडं, गॅस, तेल, त्यावर ऑनलाइन ऑर्डरवाल्यांचं कमिशन, हे सगळं वजा जाऊन हातात काय उरतं ते धंदा करणाऱ्यालाच माहीत. तुम्ही म्हणाल कायदा फक्त चेनसाठी, पण माझा पोरगा उद्या म्हणेल समोर जास्त मिळतात, मी चाललो. मग मलाही वाढवावे लागतील नाही तर दुकानात एकट्याने उभं राहावं लागेल. कागदावर मी बाहेर, खरं तर मी आतच.

आणि कामाचंही बघा ना. सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा कंद तळणारा किंवा भुट्ट्याचा कीस करणारा कारागीर वर्षानुवर्षं शिकतो, त्याचा हात आहे, त्याला लोक जास्त देऊन ओढून नेतात. बर्गर जोडायला चार दिवसात शिकवतात, मशीन स्वतः शिटी मारून सांगते की फ्राइज काढा. कामाचा भाव हुनरावर ठरतो भिया, दयेवर नाही.

भंवरकुआं_रात्रपाळी:
काका मान राखून सांगतो, मी केलंय हे काम, दुकानाचं नाव घेत नाही. मशीन शिटी मारते बरोबर आहे पण तेल 170-180 डिग्रीला असतं आणि बास्केट उचलणारा हात माणसाचाच असतो, माझ्या मनगटावर अजून डाग आहेत. शनिवारी रात्री गर्दी तुटून पडते तेव्हा स्क्रीनवर प्रत्येक ऑर्डरचे सेकंद लाल होत जातात आणि मॅनेजर मागे उभा, त्यात फरशी पुसायची, बाथरूम पण आपणच धुवायचं आणि गिऱ्हाईकाने शिवी दिली तरी हसून थँक्यू सर. चार दिवसात शिकता येतं म्हणून चार वर्षं तेवढ्याच पैशात करायचं का?

पण रामबागवाली ताई, एक गोष्ट तुमच्याकडून सुटली. आम्हाला 11,800 महिना वगैरे मिळतच नव्हतं कारण तास ठरलेले नव्हते. गर्दी नसली की दोन तासात सांगायचे जा घरी, आणि तेवढेच पैसे. पुढच्या आठवड्याची पाळी आदल्या दिवशी कळायची, कोचिंगची बॅच बुडायची. दर वाढवून तास कापले तर हाताला काय लागणार? आधी किमान तासांची हमी पाहिजे.

सुदामानगर_ते_सॅनहोजे:
इकडचं, कॅलिफोर्नियातलं सांगते, रोज बघतेय. 20 डॉलरचा कायदा यायच्या आधीच पिझ्झाच्या एका मोठ्या चेनच्या फ्रँचायझीवाल्यांनी 1,200 पेक्षा जास्त डिलिव्हरीवाल्यांना काढायची नोटीस दिली होती, डिलिव्हरी ॲपवर टाकली. ऑर्डर घ्यायच्या मशिनी बऱ्याच ठिकाणी आल्या, अर्थात त्या आधीपासून येतच होत्या. नोकऱ्या गेल्या का यावर इथले अर्थशास्त्रीच दोन बाजूंना आहेत. बर्कली विद्यापीठवाल्यांचा अभ्यास म्हणतो नोकऱ्या घटल्या नाहीत, किमती साधारण 3.7 टक्के वाढल्या, 4 डॉलरच्या बर्गरमागे 15 सेंट. दुसऱ्या एका पेपरात हिशोब निघाला की सुमारे 18,000 नोकऱ्या कमी झाल्या. मला व्यक्तिशः 15 सेंट जास्त द्यायला काही वाटत नाही, पण त्या 18,000 मध्ये आपलं पोर असतं तर काय वाटलं असतं हाही विचार येतो.

छप्पन_जवळचा:
बघा, मी हेच म्हणतोय. आणि तिथला गिऱ्हाईक 15 सेंट देतो, आपला इंदूरचा माणूस पोह्याच्या प्लेटमागे 5 रुपये वाढले तर शेजारच्या ठेल्यावर जातो.

लोकमान्यनगर_मास्तर:
थोडं जुनं उदाहरण देतो कारण हा वाद मुळात फास्ट फूडवरच तपासला गेला आहे. एप्रिल 1992 मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून 410 फास्ट फूड दुकानं आधी आणि नंतर तपासली, पगार वाढलेल्या बाजूला नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. कार्डना 2021 मध्ये नोबेल मिळालं. इतर अर्थतज्ज्ञांनी पगाराच्या नोंदी काढून आक्षेप घेतले, तेही खरं. पण "पगार वाढवला की नोकरी जाणारच" हे जे आपण आपोआप बोलून टाकतो ते इतकं सरळ नाही.

छप्पनवाल्यांची शेजारच्या दुकानाची भीती मात्र मला खरी वाटते, ती उडवून लावू नका.

पगारपत्रकवाला:
मी हिशोबाचंच काम करतो, बऱ्याच दुकानांची पगारपत्रकं हातातून जातात, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे दरावर भांडताय आणि खरी चोरी तासांत आहे. किमान वेतन 8 तासांचं असतं. त्यावर प्रत्येक तास दुप्पट दराने द्यायचा हा कायदा आहे, जुन्यातही होता आणि नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या वेतन संहितेत, म्हणजे पगाराच्या नव्या केंद्रीय कायद्यातही आहे. आता 12 तासांची ड्यूटी घ्या, जी आपल्याकडे खाण्याच्या धंद्यात सर्रास चालते. वरचे 4 तास दुप्पट म्हणजे 8 तासांचा पगार झाला. म्हणजे 12 तास रोज काम करणाऱ्याला 11,800 नाही, 23,600 मिळायला हवेत, 2024 च्या मूळ दरानेच, एक पैसाही न वाढवता. किती जणांना मिळतात? माझ्यासमोर तर 12 तासांचे 12-13 हजार देऊन वर सांगतात की आम्ही किमान वेतनापेक्षा जास्त देतो.

आणि 2024 ची वाढ तरी कशी मिळाली ते आठवा. जवळजवळ 10 वर्षांनी दर सुधारले, एप्रिलमध्ये लागू झाले, मेमध्ये आपल्याच हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात त्यांवर स्टे लागला, तो डिसेंबरमध्ये उठला. तेवढे महिने कामगार जुन्याच दरावर. संहितेत आता लिहिलंय की 5 वर्षांच्या आत दर तपासायचेच, बघू किती पाळतात.

रामबागवाली:
पगारपत्रकवाले, हा 23,600 चा हिशोब कुणी मांडलेला मी आजवर वाचला नव्हता, खूप महत्त्वाचं बोललात. तरी माझी मागणी तिथेच आहे. 8 तास प्रामाणिकपणे केले तरी 11,800 मध्ये एकटा माणूस विजयनगरजवळ खोली घेऊन, खाऊन-पिऊन, गावी दोन पैसे पाठवू शकत नाही. छोट्यांना सूट द्या, सरकारने हवं तर भाड्यात-बिलात मदत करावी, पण ज्यांची देशभर शेकडो दुकानं आहेत त्यांना काय अडचण आहे? रात्रपाळीवाल्याचे हमीचे तासही मान्य, ते दरासोबतच मागायला हवेत.

छप्पन_जवळचा:
ताई, हमीचे तास चेनवाल्यांना लावा, मी विरोध करणार नाही, त्यांनी पोरांना दोन तासांत घरी पाठवणं चूकच. ओव्हरटाइमचं मात्र सरळ सांगतो, दुप्पट मला झेपत नाही. मी 12 तासांचे दोन पोरं ठेवण्याऐवजी 8 तासांचे तीन ठेवीन, हिशोब करून बघितलाय, थोडा जास्त जातो पण जमेल. चेनसाठी वेगळा दर याला माझा अजूनही विरोध आहे, कारण माझी पोरं पळतील.

भंवरकुआं_रात्रपाळी:
काका, 8 तासांचे तीन ठेवलेत तर पळणार नाहीत. 12 तासांमुळेच पळतात.

छप्पन_जवळचा:
पाळीची वेळ काय ठेवू मग? सकाळी पोह्याची गर्दी 7 ला सुरू होते आणि रात्री 11 पर्यंत गिऱ्हाईक असतं. तुझ्यासारख्या शिकणाऱ्याला कुठली जमेल ते सांग.

भंवरकुआं_रात्रपाळी:
दुपारी 3 ते 11. सकाळी कोचिंग असतं सगळ्यांचं. आणि आठवड्याची छुट्टी कुठल्या दिवशी ते आधीच सांगून ठेवा.