मुंबईचं विमानतळ खासगी, मग एटीसीतली नोकरी कोणाची?

लोहगावकर_७२: भाची बीएस्सी झाली, फिजिक्स-मॅथ्स. एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रण) ज्युनिअर एक्झिक्युटिव्हचा फॉर्म भरतेय. दाजी म्हणतात, "मुंबईचं विमानतळ अदानींकडे, म्हणजे नोकरीपण त्यांचीच." खरंय का? आणि पुण्यात घराजवळ पोस्टिंग मिळेल का?

निवृत्त_टॉवरवाला: दाजींना सांगा, धावपट्टी, टर्मिनल, पार्किंग त्यांचं; आकाश नाही. विमानाशी बोलणारा माणूस एअरपोर्ट्स ऑथॉरिटीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्थेचा. नियम डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. हद्दीतून नुसतं वरून गेलेल्या विमानाचंही बिल फाडलं जातं, ते ऑथॉरिटीकडे जमा होतं.

मी लागलो तेव्हा नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटी होती. मोठी आंतरराष्ट्रीय विमानतळं दुसऱ्या ऑथॉरिटीकडे. १ एप्रिल १९९५ ला दोन्ही एक केल्या. माझी खुर्ची तीच, हेडफोन तोच, पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव तेवढं बदललं.

देशाच्या आकाशाचे मुख्य तुकडे चार: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. मुंबईची हद्द समुद्रात पार ओमान, सोमालियाच्या हद्दींना भिडते. तिथे मध्यावर रडार पोचत नाही. आमच्या वेळी एचएफ (लांब पल्ल्याच्या) रेडिओच्या खरखरीतून वैमानिक आपली जागा सांगायचा, ती आम्ही कागदी पट्टीवर लिहायचो आणि पुढची वेळ मनात धरून बसायचो. रात्रपाळीत ती खरखर घरी आल्यावरही कानात राहायची. आता बराचसा संवाद टाइप करून होतो.

पुण्याचं मात्र विसरा. लोहगाव हवाई दलाचं, टेकऑफ-लँडिंगची परवानगी त्यांचेच नियंत्रक देतात. गोव्यात तर गंमतच: दाबोळीला नौदल, मोपाला ऑथॉरिटी.

गोंदियाची_पोर: ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद किंवा आमच्या गोंदियाला. आमच्याकडे आली तर उन्हाळ्याची तयारी ठेवून या म्हणावं!

लोहगावकर_७२: काका, ट्रेनिंग झालं की लगेच माइक हातात?

निवृत्त_टॉवरवाला: छे! आधी शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो, त्याचाही हेडफोन जोडलेला. तुम्ही चुकलात की तोच बोलायला लागतो आणि तुमचा आवाज बंद. मग परीक्षा, मग त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे एकट्याने काम करायची मान्यता. टॉवरचं वेगळं, अ‍ॅप्रोचचं (विमानतळाजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचं) वेगळं. बदली होऊन नागपूरला गेलात की तिथलं रेटिंग नव्याने कमवायचं, मुंबईची वीस वर्षं असली तरी. मला या व्यवस्थेतली सगळ्यात न्याय्य गोष्ट हीच वाटते, पण बदलीच्या दिवशी तसं वाटत नाही.

भाचीचे डोळे आधी तपासून घ्या, रंग नीट ओळखता यायला हवेत. आवाजाचीही चाचणी असते. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं, शब्द स्पष्ट हवेत. नऊला 'नायनर' म्हणायचं, तीनला 'ट्री'.

लोहगावकर_७२: तिला वाचून दाखवलं. आता फोन नंबरसुद्धा 'नायनर, ट्री' करत सांगतेय. दाजी विचारतायत, पार्किंगचे पैसे तरी कोणाकडे जातात?

निवृत्त_टॉवरवाला: ते दाजींचं बरोबर होतं.